हंगाम संपला, आता भाजीचा हिशेब



मार्च अर्धा सरला. नागपूरचं ऊन आता सकाळी दहालाच अंगाला लागतं. गेल्या रविवारी मी स्लॅबवरच्या पेट्यांतली शेवटची मेथी उपटली. पालकाला तुरे आले होते, पानं कडसर झाली होती. टमाटरची पानं आकसून गेली होती आणि नवी फुलं गळून पडत होती. थंडीतली भाजी आता पुढे चालणार नाही, हे झाडंच सांगत होती.

रिकाम्या पेट्या एका बाजूला लावल्या आणि वही उघडली. दवाखान्यात ड्युटीवर असताना रुग्णाच्या खाटेशी तापाचा तक्ता असायचा. तक्ता पाहिल्याशिवाय "बरं वाटतंय" असं कुणी म्हणायचं नाही. तसाच तक्ता मी या वेळी भाजीचा ठेवला होता. किती निघाली, कुणी खाल्ली, आणि खाऊन काय झालं? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आज तुमच्यापुढे ठेवते. तिसऱ्या उत्तरात माझी स्वतःची एक चूक आहे. तीही सांगते, कारण तशी चूक तुमच्या घरात होऊ नये.

परस नसलेली परसबाग

आमच्या आज्या जन्मभर दुसऱ्याच्या वावरात भाजी खुडत आल्या. स्वतःचं वावर नव्हतं. आज वस्तीत आपली घरं आहेत, पण परस कुणाच्याच घराला नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आलेले पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर, आमच्या गल्लीतल्या सहा घरांनी मिळेल त्या जागेत सुरुवात केली. कुणाचा स्लॅब, कुणाचा जिना, कुणाच्या दारापुढची दोन हात जागा.

बाजारातून संत्र्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या आणल्या. आत जुनं पोतं अंथरलं. माझ्याकडे अशा चौदा पेट्या होत्या. पहिल्यांदा नुसती काळी माती भरली, ती फसली. आपली काळी माती ओली झाली की चिखल होते आणि वाळली की तिला भेगा पडतात. पाणी खाली उतरेना, मेथी पिवळी पडली. मग एक भाग काळी माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत आणि एक भाग रेती असं मिसळलं, तेव्हा भाजी धरली.

मेथी, पालक, सांभार, लाल माठ आणि मुळा लावला. दोन पेट्यांत टमाटर, एकीत मिरची. कठड्याला वालाचा वेल सोडला. बियाण्याला फारसा खर्च आला नाही. मेथी स्वयंपाकघरातलीच पेरली, आणि धणे हलके चोळून दोन फाका करून टाकले. मेथी महिन्याभरात काढता येते, म्हणून थोडी थोडी पंधरा दिवसांच्या अंतरानं पेरली. वालावर मावा पडला तेव्हा साबणाचं पातळ पाणी फवारलं आणि दुसऱ्या दिवशी वेल साध्या पाण्यानं धुतला. मावा आटोक्यात आला. टमाटरची पानं मात्र पांढऱ्या माशीनं आकसली ती सुधारली नाहीत. ती झाडं आधीच उपटायला हवी होती. मी जीव लावून ठेवली आणि शेजारच्या पेटीतलीही गेली.

वहीत काय निघालं

आमच्या घरात माणसं पाच. पालेभाजी माणशी रोज साधारण १०० ग्रॅम खावी, असं आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे पाच महिन्यांत, १५० दिवसांत, आम्हाला ७५ किलो पालेभाजी लागते. चौदा पेट्यांतून निघाली ११ किलो. म्हणजे गरजेचा सातवा भाग. आठवड्यातून एका दिवसाची भाजी घरची, बाकी सहा दिवसांची बाजारची.

हा आकडा पाहून माझी मुलगी म्हणाली, "आई, एवढं पाणी वाहून एवढंच?" तिचं चुकलं नाही. आमच्याकडे नळ दिवसातून थोडाच वेळ येतो आणि पाणी तीच वर नेत होती. पण वही पुढे वाचली तर अजून एक गोष्ट दिसते. आधी आमच्याकडे पालेभाजी आठवड्यातून एकदा व्हायची. या हंगामात ती तीनदा झाली. पेटीत जुडीभर मेथी तयार असली की ती वाया जाऊ नये म्हणून होतेच. आणि एकदा जिभेला सवय लागली की बाजारातूनही आणली जाते. पेटीनं पोट भरत नाही. पण ती सवय लावते.

गल्लीच्या तोंडाशी मुनग्याचं झाड आहे. त्याच्या शेंगा सगळे नेतात, पाला कुणी नेत नाही. मुनग्याच्या १०० ग्रॅम पाल्यात लोह सुमारे साडेचार मिलिग्रॅम असतं, पालकापेक्षा जास्त. त्याला पाणी घालायला लागत नाही, पैसे द्यायला लागत नाहीत. कोवळा पाला तुरीच्या डाळीत टाका किंवा लसूण घालून परता. पाला खायचा. साल आणि मूळ औषध म्हणून खाऊ नका, गरोदर बाईनं तर मुळीच नाही.

कोणाच्या ताटात किती

वहीतला दुसरा रकाना मी दोनच आठवडे भरला, आणि तो भरताना मलाच लाज वाटली. आधी मुलगा आणि त्याचे बाबा जेवायचे, मग सासूबाई, मग मुलगी, शेवटी मी. पातेल्यात भाजी संपत आलेली असायची. मुलगी "मला नको, तू घे" म्हणायची, मी "तू घे" म्हणायची, आणि शेवटी दोघी ठेच्याशी भाकर खायचो. मी नर्स. दुसऱ्यांच्या घरी जाऊन आहार शिकवणारी. घरातली ही रांग मला इतकी वर्षं दिसली नव्हती.

ज्या बाईला दर महिन्याला पाळी येते, तिला लोह पुरुषापेक्षा जास्त लागतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मापाप्रमाणे बाईला रोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींचं रक्त कमी आढळलं. याची कारणं अनेक आहेत, पण जेवणाची रांग हे त्यातलं एक आहे, आणि ते आपल्या हातात आहे. आता आमच्याकडे भाजी शिजली की आधी पाच वाट्यांत वाटली जाते. मग जो ज्या वेळी येईल त्यानं आपली वाटी घ्यायची.

वाटीतलं लोह अंगी लागावं म्हणून एवढं करा:

पालेभाजीतलं लोह शरीर फार थोडं घेतं, शंभरातले दहा भागही नाही. सोबत आंबट असलं की जास्त घेतं. लिंबू पिळा, कच्चं टमाटर घ्या, पेरू किंवा आवळा खा. या दिवसांत संत्रं आहे, पुढे कैरी येईल.

जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका. चहा लोह अडवतो. तासाभराचं अंतर ठेवा. लोहाची गोळीही चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका.

भाजी आधी धुवा, मग चिरा. उकळून पाणी फेकू नका. त्या पाण्याबरोबर फोलिक ॲसिड आणि क जीवनसत्त्व जातं. झाकण ठेवून थोडक्यात शिजवा.

भाजी डाळीबरोबर, उसळीबरोबर खा. घरात अंडी, मासे, मटण चालत असेल तर आठवड्यातून जेवढ्या वेळा जमेल तेवढ्या वेळा घ्या. मासे आणि मटणातलं लोह शरीर सहज घेतं.

दोन माणसांनी मात्र आपल्या मनानं पालेभाजी एकदम वाढवायची नाही. ज्यांना हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, आणि ज्यांची किडनी कमजोर आहे. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

भाजीनं भरून न निघणारं

आता माझी चूक सांगते. त्या घराच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव लिहीत नाही.

सहा घरांपैकी एका घरात चौदा वर्षांची मुलगी आहे. अंगानं बारीक, चेहरा पांढुरका. ऑक्टोबरमध्ये आम्ही सगळ्या बायका-मुलींचं हिमोग्लोबिन तपासलं, तेव्हा तिचं ८ निघालं. या वयाच्या मुलीचं १२ च्या वर हवं. मी तिच्या आईला चार पेट्या दिल्या आणि सांगितलं, "पोरीला रोज पालेभाजी दे, शाळेतली निळी गोळी चुकवू देऊ नको, जंताची गोळी दे." आईनं सगळं केलं.

मार्चमध्ये परत तपासलं. माझ्या मुलीचं हिमोग्लोबिन वाढलं होतं. आणखी तिघींचं वाढलं होतं. या मुलीचं ७.८ होतं.

तिची आई माझ्याकडे पाहत म्हणाली, "ताई, मी का कमी केलं व? पेटीतली सगळी भाजी तिलेच देत होती मी. पोऱ्याले नाही देल्ली."

मी तिथंच खाली बसले आणि जे ऑक्टोबरमध्ये विचारायला हवं होतं ते आता विचारलं. हातपाय दुखतात का? "थंडीत लय दुखते. वाढीचं दुखणं म्हून तेल लावतो." डोळे कधी पिवळे होतात का? "दोन-तीनदा कावीळ झाली. उतरवून आणली." लहानपणी रक्त चढवलं होतं का? "एकदा." मला पुढचं विचारायची गरज राहिली नाही. दुसऱ्या दिवशी सिकलसेलची तपासणी केली. आठवड्यानं पक्का रिपोर्ट आला. मुलगी एसएस, म्हणजे सिकलसेलची रुग्ण. आई आणि बाप दोघंही एएस, म्हणजे वाहक.

नर्सिंगच्या डिप्लोम्यात मी हा आजार शिकले होते. विदर्भात, आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात तो जास्त आढळतो हेही मला ठाऊक होतं. तरी पांढरा चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून "पालक खा" एवढंच निघालं. पाच महिने गेले. त्या आईला वाटत राहिलं की आपल्याच हातचं काही कमी पडतंय. म्हणून लिहिते. भाजी खाऊनही, गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर आईला दोष देऊ नका. कारण शोधा.

सिकलसेल म्हणजे काय? रक्तातल्या गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. त्या लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी होतं आणि डोळे पिवळे दिसतात. त्या बारीक नसांत अडकतात, म्हणून हाडं आणि सांधे ठणकतात. इथं लोहाची कमतरता हे मूळ कारणच नसतं. त्यामुळे नुसत्या पालेभाजीनं हिमोग्लोबिन चढत नाही. उलट ज्याला वरचेवर रक्त चढवलं जातं त्याच्या शरीरात लोह साठू शकतं. म्हणून सिकलसेलच्या रुग्णानं लोहाची गोळी डॉक्टरांनी तपासून सांगितली तरच घ्यायची. शाळेतली निळी गोळी चालू ठेवायची की नाही, हेही डॉक्टरांना विचारायचं. या रुग्णाला फोलिक ॲसिडची गोळी वेगळी देतात. वाकड्या पेशी कमी व्हाव्यात म्हणून हायड्रॉक्सियुरिया हे औषधही असतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

हा आजार आई-बापाकडून येतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता रुग्ण मूल होण्याची, चारात दोन वाहक मूल होण्याची आणि चारात एक पूर्ण निरोगी मूल होण्याची असते. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. तो काम करतो, लग्न करतो, त्याला औषध लागत नाही. आणि हा कुणाच्या जातीचा, कुळाचा दोष नाही. जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथं वाहक माणसं तीव्र मलेरियातून जास्त वाचली. म्हणून अशा भागांत ही खूण टिकून राहिली. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण लग्नाआधी मुलाची आणि मुलीची दोघांची तपासणी झालेली असावी. दोघंही वाहक निघाले तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

पहिली तपासणी बोटातल्या थेंबभर रक्तावर होते. तिला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. ती पॉझिटिव्ह आली तर माणूस वाहक आहे की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दुसरी पक्की तपासणी लागते. पहिल्या कागदावर थांबू नका. सरकारी दवाखान्यात या तपासण्या मोफत होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. तेव्हा रुग्णाच्या घरानं प्रमाणपत्राचीही चौकशी करावी.

त्या मुलीची पेटी

रिपोर्ट आल्यावर आईनं मला विचारलं, "मंग आता भाजी बंद करू का?" नाही. भाजी चालूच ठेवायची. पालेभाजीतलं फोलिक ॲसिड आणि इतर जीवनसत्त्वं तिच्या शरीराला हवीच आहेत, आणि बाकीचं घरही तीच भाजी खातं. फक्त भाजीवर तिच्या उपचाराचं ओझं टाकायचं नाही. वाटीही भावाला आणि बहिणीला सारखी.

एक मात्र बदललं. पाणी घालायचं काम आता ती उन्हात करत नाही. सिकलसेलमध्ये अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उठतं, आणि आपल्याकडे तर उन्हाळा तोंडावर आहे. ती सकाळी लवकर, डोक्याला रुमाल बांधून झाडांना पाणी घालते, आणि आधी स्वतः तांब्याभर पाणी पिते. तहान लागायची वाट पाहत नाही.

अशा मुलाला ताप आला, छातीत दुखलं, दम लागला, डाव्या बाजूला पोट फुगून टणक झालं, चेहरा एकदम पांढराफटक पडला, हात-पाय लुळा पडला किंवा दुखणं थांबेना, तर घरी तेल चोळत बसू नका. लगेच दवाखान्यात न्या, आणि दारातच सांगा, "याला सिकलसेल आहे." कार्ड जवळ ठेवा. आणि डोळे पिवळे झाले की कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊ नका. पिवळेपणाचं कारण रक्त तपासूनच कळतं.

उन्हाळ्यात पेट्यांचं काय करायचं

चौदाही पेट्या उन्हाळ्यात चालवू नका. तेवढं पाणी आपल्याकडे नाही, आणि माणसाच्या पाण्यातून झाडाला द्यायचं नाही. मी चारच ठेवते आहे. दोनमध्ये माठ, एकीत अंबाडी, आणि भिंतीच्या सावलीत पुदिना. माठ आणि अंबाडी ऊन सोसतात. पेट्यांवर जुन्या सुती लुगड्याची सावली करा. मातीवर वाळक्या पाल्याचा थर द्या, म्हणजे ओल टिकते. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी झाडाला द्या. साबणाचं धुणं-भांड्याचं पाणी नको. नाल्याचं पाणी तर पालेभाजीला कधीच घालू नका.

बाकीच्या पेट्यांतली माती स्लॅबवर पसरून कडक उन्हात तापू द्या. किडीची अंडी आणि रोग बरेच मरतात. रोगट टमाटरची झाडं खतात टाकू नका, वेगळी फेका. जूनमध्ये पाऊस आला की या मातीत शेणखत मिसळून परत भरा.

बी धरायचं असेल तर चांगल्या झाडाचं धरा. वालाच्या शेंगा वेलावरच वाळू द्या. मेथीच्या दोन-चार काड्या उपटू नका, शेंगा धरू द्या. बी सावलीत वाळवून, कडुलिंबाचा वाळका पाला घालून काचेच्या बाटलीत ठेवा. संकरित बियाण्याच्या झाडाचं बी पुढच्या वर्षी तसंच फळ देईल याची खात्री नसते.

मातीत काम करताना पायात चप्पल हवीच. अंकुशकृमी नावाचा जंत अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात राहून रक्त पितो. रंगाचे किंवा औषधाचे जुने डबे भाजीला वापरू नका. आणि पेट्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा. साचलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंगूचा डास वाढतो.

१४ एप्रिलच्या आधी एवढं करा

घरातल्या प्रत्येक बाईचं, मुलीचं आणि मुलाचं हिमोग्लोबिन तपासून वहीत तारखेसह लिहा.

ज्यांची सिकलसेल तपासणी झालेली नाही त्यांची करून घ्या. झाली असेल तर कार्ड शोधून एका जागी ठेवा.

पाच दिवस भाजी वाट्यांत वाटून बघा. कुणाची वाटी आजवर रिकामी होती, ते पहिल्याच दिवशी कळेल.

मुनग्याचा पाला एकदा तरी डाळीत घाला.

जयंतीच्या कार्यक्रमाला आमच्या गल्लीतल्या बायका एक टेबल लावणार आहेत. त्यावर वालाच्या आणि मेथीच्या बियांच्या पुड्या असतील आणि बाजूला सिकलसेलच्या तपासणीची सोय असेल. ती चौदा वर्षांची मुलगी पुड्यांवर नावं लिहिते आहे. तिचं अक्षर छान आहे. पुढच्या ऑक्टोबरला परत पेट्या भरू, तेव्हा वहीत तिच्या घराचंही पान असेल, आणि या वेळी तपासणी आधी होईल, पेरणी नंतर.

जयभीम.